विहिणीचा डावा हात

येवला
१८ नोव्हेंबर १९९८

मालन,

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, खुशाली मागाहून विचारीन. आधी माझ्या डोक्यात जे घोळतंय ते ऐक. फोनच करणार होते. पण फोन आहे शेजारच्या किराणा दुकानात, आणि मी बोलायला लागले की तो दुकानदार साखर जोखायची थांबवून कान देतो. म्हणून हे पत्र.

साखरपुडा झकास झाला असं सगळे म्हणतात. तुझे दाजी म्हणतात, भारत तर नवरदेव, तो म्हणणारच. मुलगी म्हणून सुवर्णा मलाही पसंत आहे. तू आणलेलं स्थळ, तुझ्या शब्दावर आम्ही येवल्याहून नाशिकला आलो, नारळ दिला, मुलीला अंगठी घातली. पण तिच्या आईकडे तू कधी नीट बघितलं आहेस का?

मी बघितलं. हळदीकुंकू झालं, विहिणींच्या गळाभेटीची वेळ आली. मी दोन्ही हात पसरून पुढे झाले आणि चांगुणाबाई मागे सरकल्या. मागे! हात जोडून उभ्या राहिल्या, जशी मी दारात मतं मागायला आले होते. एवढ्या बायकांसमोर माझे हात तसेच हवेत. मग मी वळून तुलाच मिठी मारली. तुला वाटलं असेल, अक्काला भरून आलं. काही भरून आलं नव्हतं, हात कुठेतरी ठेवायचे होते.

त्यानंतर मी जेवणात लक्ष घातलं नाही, त्या बाईवरच नजर ठेवली. डावा खांदा कानाकडे चढलेला, पुढे आलेला. डावं कोपर सगळा वेळ पोटाशी. चालताना अंग एका बाजूला कलतं. पदर डाव्या खांद्यावरून घेऊन उजव्यावर ओढून असा धरलेला, की थंडीतही एवढा कोणी धरत नाही. आणि सगळ्यात वाईट, उजव्या हातात बांगड्या आणि डावा मनगटापासून कोपरापर्यंत मोकळा. लेकीचा साखरपुडा, नवरा शेजारी उभा, आणि सवाष्ण बाईचा एक हात भुंडा! अशी रीत कुठे आहे, सांग मला.

आमचा धंदा मागाचा. उभे धागे एका अंगाला ओढले गेले तर कापड कुठे तिरकं जातंय ते मला लांबून दिसतं. ही बाई काहीतरी लपवते आहे. नवरा मारतो का? फिट येते का? की आमचं घर तिला मुळातच पसंत नाही? तू इंदिरानगरात राहतेस, त्यांचा मळा तुला माझ्यापेक्षा जवळ. जाऊन बघ.

सुवर्णाची पैठणी मागावर अर्धी झाली आहे. मी यांना सांगितलंय, तुझं उत्तर येईपर्यंत पुढे विणायचं नाही. माग थांबलाय हे लक्षात ठेव.

तुझी अक्का


इंदिरानगर, नाशिक
२७ नोव्हेंबर १९९८

प्रिय अक्का,

पायाशी नमस्कार. त्या मिठीचं कोडं सुटलं म्हणायचं. मी घरी येऊन यांना कौतुकाने सांगत होते, अक्का आता मवाळ झाली. आता शब्द मागे घ्यावे लागतील.

तुझ्या आज्ञेप्रमाणे मौल्यांच्या मळ्यात जाऊन आले. दत्तजयंतीला आमच्या कॉलनीत हार लागतात, तेच निमित्त. गंगापूर रोडच्या नव्या इमारती संपल्या की पुढे झेंडू आणि शेवंती लागते, तिथेच त्यांचं घर. चांगुणाबाई ओट्यावर पाटावर बसून शेवंती निवडत होत्या. अक्का, तू म्हणतेस ते खरं आहे. खांदा वर आहेच. मी समोर बसून मुद्दाम बोलणं वाढवलं, तेवढ्या वेळात डावं कोपर एकदाही कुशीपासून हललं नाही. मला पाहिल्याबरोबर पदर मात्र दोन्ही खांद्यांवर आला.

मी गोडीत विचारलं, “विहीणबाई, डाव्या हातातल्या बांगड्या वाढवल्या वाटतं?”

“कामात टिकत नाय हो ताई,” म्हणाल्या.

आता तूच बघ. काम सगळं उजव्या हाताने चाललेलं, आणि बांगड्या टिकत नाहीत त्या डाव्यात!

चहाला आत बोलावलं. मधल्या खोलीत दाराजवळच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा आहेत, एकीवर एक, पार वरपर्यंत. पोराची उंची मोजायला मारतात तशा. पण त्या घरात लहान पोर नाही. मी सुवर्णाला विचारलं, “हे काय गं?” तिने आईकडे बघितलं. “ते आईचं आहे,” म्हणाली आणि दार लोटून घेतलं.

येताना बांधावर शेजारची साळूबाई भेटली. मी काही विचारायच्या आतच तिने तोंड उघडलं. “लय दिस घरी नव्हती हो ती, मागल्या साली. गेली तवा चांगली टणटणीत, आली ती अशी वाकडी. इचारलं तर म्हने, माहेरी होते. माहेरी जाऊन कोन वाकडं होतं का? अन् दर मंगळवारी रिक्षात बसून गंगापूर रोडला जाते. एकलीच. नवऱ्यालाबी नेत नाय.”

एवढंच असतं तर बरं होतं. पुढचं लिहू की नको असं झालंय. हात धुवायला मी मागल्या दारी गेले. दोरीवर टॉवेल वाळत होता. तो बाजूला केला तर खाली एक पिशवी, पांढऱ्या कापडाची, तळहाताएवढी, गोल, चारी बाजूंनी शिवलेली. उचलली तर जड. एका टाक्यातून चार दाणे माझ्या हातावर पडले.

मोहरी होती, अक्का.

मी ती जशीच्या तशी ठेवली आणि हार न सांगताच परत आले.

मालन


येवला
२ डिसेंबर १९९८

मालन,

मोहरी! अगं, मोहरी!

दृष्ट काढायला आपणही मोहरी घेतो. ओवाळली, विस्तवावर टाकली, तडतडली, संपलं. पिशवीत शिवून जपून ठेवतात ती मोहरी कशासाठी असते हे तुला मी सांगायला हवं का? आपल्या गल्लीतल्या पुतळाबाईच्या उंबऱ्याखाली अशीच पुरचुंडी निघाली होती. वर्षात तिचे माग विकले गेले. तू लहान होतीस, मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता सगळं जुळव. भिंतीवर कोळशाच्या रेघा, एकीवर एक. दर मंगळवारी बाहेर जायचं, एकटीने. मंगळवारच का? डाव्या हातात काच चालत नाही, म्हणजे कसलं तरी व्रत घेतलंय, आणि ते देवाचं नाही. आणि गळाभेट का टाळली ते आता मला उमगलं. ती पिशवी तिच्या अंगावर होती, छातीशी, चोळीच्या आत. मी मिठी मारली असती तर मला लागली असती. म्हणून मागे सरकली!

भारत रविवारी आला होता. त्याला एवढंच म्हटलं की तुझ्या सासूचं लक्षण मला ठीक दिसत नाही. आधी हसला. मी हसत नाही हे बघून उठला. “आई, मी सुवर्णाशीच लग्न करणार. तू येणार की नाही ते ठरव,” म्हणाला आणि जेवणाच्या आधीच्या एस.टी.ने निघून गेला. बघ, मुलगा आत्ताच माझा राहिलेला नाही. हे आपोआप होतं का?

तुझे दाजी बंद मागासमोर मांडीवर हात ठेवून बसतात.

पुढच्या मंगळवारी तू त्या बाईच्या मागे जा. कुठे जाते, कोणाकडे, काय आणते, सगळं बघ. माझ्या एकुलत्या एका मुलाची त्या घराशी सोयरीक व्हायची आहे. तू भिऊन अर्ध्यातून परत आलीस तर मी स्वतः येईन.

अक्का


इंदिरानगर, नाशिक
९ डिसेंबर १९९८

प्रिय अक्का,

नमस्कार. काल जाऊन आले. काळजी करण्यासारखं काही नाही. चांगुणाबाईंना संधिवात आहे, त्यासाठी त्या गंगापूर रोडला औषधाला जातात. मोहरी शेकायला असते. माणसं फार चांगली आहेत. तू मनातलं सगळं काढून टाक आणि दाजींना माग सुरू करायला सांग.

इकडे थंडी छान पडली आहे.

तुझी मालन


येवला
१४ डिसेंबर १९९८

मालन,

थंडी छान पडली आहे काय!

तुझं लग्न झाल्यापासून तू मला पत्रं लिहितेस. चार पानांच्या आत तुझं पत्र कधी संपलं नाही. समोरच्यांची मांजर व्याली तर तू दोन पानं लिहितेस, आणि त्या बाईच्या मागे गेलीस त्या दिवसाच्या पाच ओळी? कोणती इमारत, कोणता डॉक्टर, ती काय बोलली, नेसली काय होती, तुला दिसली तेव्हा दचकली का, काहीच नाही? संधिवात मलाही आहे. माझा खांदा कानाला लागलाय का? शेकायची मोहरी कोणी गोल पिशवीत बारीक टाक्यांनी शिवतं का?

तुला काय पाजलं त्या घरात? चहा प्यायलीस ना तिथे? मला आता तुझीच भीती वाटायला लागली आहे. परक्या बाईने लपवलं तर मला राग आला. तू लपवलंस तर मला बसायला जागा राहत नाही, कारण त्या घराचं मला जे काही दिसतं ते तुझ्याच डोळ्यांनी.

स्पष्ट लिहिते. नाताळाच्या सुट्टीत आपला दादा नाशिकला येईल आणि साखरपुड्यात त्यांनी दिलेली साडी आणि नारळ मौल्यांना परत करील. कारण विचारलं तर तो सांगेल, मुलीची आई करणी करते. मग पुढे त्यांनी त्यांच्या मुलीसाठी कुठे बघायचं ते बघावं.

तुला खरं लिहायचं असेल तर त्याच्या आत लिही.

यशोदा


इंदिरानगर, नाशिक
१९ डिसेंबर १९९८

अक्का,

पहिल्यांदाच तू पत्राखाली ‘यशोदा’ लिहिलंस. मला रडू आलं.

मी खोटं लिहिलं होतं. कोणी काही पाजलं नव्हतं. मी शब्द दिला होता, आणि ज्या बाईला दिला होता तिच्याकडे काल तुझं पत्र घेऊन गेले. वाचून दाखवलं. एक शब्द मी गाळला, तर त्या म्हणाल्या, “ताई, मधीच थांबल्या का? काय हाय ते समदं वाचा.” मग वाचला. त्यांनी हातातली शेवंती खाली ठेवली आणि सुवर्णाकडून कागद मागून घेतला.

सोबतचं पत्र त्यांनी स्वतः लिहिलं आहे. दादाला पाठवायच्या आधी वाच.

मालन


मौले मळा, गंगापूर
१८ डिसेंबर १९९८

सौ. यशोदाबाईंना चांगुणा मौले हिचा नमस्कार.

माझी शाळा चौथीपर्यंत. चूकभूल समजून घ्या.

तुमच्या शंका मालनताईंनी वाचून दाखवल्या. तुम्ही पाहिलं ते सगळं बरोबर पाहिलं. पिशवी माझ्या छातीशी होती हेही बरोबर. ती कशासाठी होती तेवढं चुकलं.

मागल्या वर्षी माझ्या डाव्या स्तनात गाठ निघाली. कॅन्सर. ऑपरेशन करून डावा स्तन काढून टाकला, काखेतल्या गाठीही काढल्या. त्यानंतर औषधांनी केस गेले. केस येईपर्यंत मी माहेरी राहिले. साळूबाईला आम्ही माहेरचं सांगितलं ते अर्धं खरं होतं.

लपवलं ते लेकीसाठी. लोक म्हणतील, आईला झालं, उद्या पोरीला होईल. सुवर्णा म्हणत होती, आई, पाहुण्यांना सांगून टाकू. मीच तिला शपथ घातली. दोष माझा, तिचा नाही.

माझं अंग वाकडं झालं त्याचं सांगते. घरी आल्यावर मलाही कळलं नाही. जखम दुखायची म्हणून कोपर जवळ धरायची, कोणाचा धक्का लागू नये म्हणून खांदा पुढे घ्यायची. कोणाला दिसू नये म्हणून पदर ओढून वाकून चालायची. दुखणं थांबलं, पण अंगाला तीच सवय लागली. एका बाजूचं वजन गेलं तर अंग दुसरीकडे कलतं, मग पाठ दुखते, मान दुखते. गंगापूर रोडला एक बाई व्यायाम शिकवतात, मंगळवारी त्यांची बायकांची वेळ असते. त्या म्हणाल्या, आत नुसता कापूस भरू नका, वजन भरा, म्हणजे खांदा जागेवर येईल. विकत मिळतं ते आम्हाला आधी माहीत नव्हतं, आणि कळल्यावर दुकानात जाऊन मागायची लाज वाटली. घरात मोहरी होती. बाजरी भरून पाहिली, ती टोचते. घामाने पिशवी ओली होते म्हणून उन्हात घालते. मालनताईंनी टॉवेल उचलला तो दिवस तसा होता.

डाव्या हाताला काच नको असं डॉक्टरांनी सांगितलंय. घट्ट काही चालत नाही, कापलं खरचटलं तर हात सुजतो. डाव्या हातातल्या बांगड्या काढल्या त्या दिवशी मी ऑपरेशनला रडले नव्हते तेवढी रडले.

भिंतीवरच्या रेघा माझ्या हाताच्या आहेत. भिंतीला बोटं लावून हात वर चढवायचा, जिथे थांबेल तिथे सुवर्णा कोळशाने रेघ मारते. पहिली रेघ माझ्या छातीएवढी आहे. सगळ्यात वरची मात्र मी गाठलेली नाही. ती मी आधीच मारून ठेवली, सुवर्णाच्या कपाळाच्या उंचीवर. लग्नात तिला मुंडावळ्या मी बांधणार. त्याला दोन्ही हात वर जावे लागतात.

गळाभेटीला मागे सरले, कारण तुम्ही लय जोरात येत होता. मिठीत पिशवी सरकली असती, आणि सगळ्या बायकांसमोर मला ती सावरावी लागली असती. शिवाय तुमच्या नजरेची मला भीती वाटली. कापड मापतात तशी तुम्ही मला मापत होता. मला वाटलं, ही बाई पोरीत खोट काढायला बसली आहे. म्हणजे तुमच्यासारखीच मीही शंका घेतली.

लग्न मोडायचं असेल तर मोडा. कारण आजाराचं सांगा, आम्ही मान खाली घालून ऐकू. पण करणीचं नाव काढू नका. आजार माझ्याबरोबर संपेल. ते नाव पोरीच्या कपाळावर राहील आणि तिच्या दाराला कोणी उभं राहणार नाही. एवढं एक मागते.

चांगुणा


इंदिरानगर, नाशिक
८ जानेवारी १९९९

प्रिय अक्का,

सुट्टी सरली. दादा आला नाही म्हणून जीव भांड्यात पडला, पण तुझं पत्रही नाही. त्या किराणावाल्याकडे फोन केला तर म्हणतो, “यशोदाबाई येत नाहीत म्हणाल्या.” येत नाहीत म्हणजे काय? लग्नाची तारीख महिन्यावर आली. हॉल ठरलेला, पत्रिका छापून पडल्या आहेत, आणि वाटायच्या की नाही हे कोणाला माहीत नाही.

भारत दोनदा येऊन गेला. त्याला मी काही बोलले नाही. चांगुणाबाईही तुझ्याबद्दल विचारत नाहीत. पण पोस्टमन यायच्या वेळेला त्या फाटकाशी असतात, आणि सुवर्णा सांगते की भिंतीपाशी जाणं त्यांनी सोडलंय. वरच्या रेघेला दोन बोटं कमी होती.

तुझ्या मनात आता कोणता प्रश्न आहे ते मला माहीत आहे, म्हणून मीच त्यांच्या डॉक्टरीणबाईंना जाऊन विचारलं. सुवर्णाला होईल का? त्या म्हणाल्या, आईला झालं की मुलीने जास्त लक्ष ठेवायचं, वेळोवेळी तपासून घ्यायचं. पण होईलच असं नाही, बहुतेकींना होत नाही. आणि मग मलाच विचारलं, तुम्ही स्वतः कधी तपासून घेतलंत का? मी नाही म्हटलं. तुला विचारलं असतं तर तूही तेच म्हणाली असतीस.

अक्का, त्या मंगळवारी मी त्यांच्या मागे जिना चढले. त्या मध्येच थांबल्या, वळल्या. मला वाटलं आता भांडतील. पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, “ताई, दम लागला असंल, बसा.” मी तुझी हेर, आणि त्या मला बसायला सांगत होत्या. त्यानंतर मला शब्द देण्यावाचून काय करता आलं असतं?

हो किंवा नाही, काहीही लिही. पण लिही.

मालन


येवला
१ फेब्रुवारी १९९९

सौ. चांगुणाबाई विहीणबाईंना यशोदाचा नमस्कार.

तारखेचा निरोप भारतकडून तुम्हाला मिळालाच असेल, पत्रिकाही आम्ही वाटल्या. तरी हे पत्र तुमच्या नावाने वेगळं लिहिते आहे. मला गोड लिहिता येत नाही, तेव्हा जसं येईल तसं वाचा.

तुमचं पत्र आलं तेव्हा आधी मला वाटलं, हे मालननेच लिहून दिलंय. मी तिची जुनी पत्रं काढून अक्षर ताडून पाहिलं. मग वाटलं, आजार खरा असेल, पण मोहरीचं काही खरं नाही. म्हणून तुम्ही लिहिलं तशी पिशवी शिवून पाहिली आणि तळहातावर तोलली. मग डावं कोपर कुशीशी बांधून एक दिवस घरात वावरले. कुकर उतरवला, रिळं भरली, पाणी आणलं. संध्याकाळी मान वळेना, पाठ भरून आली आणि खांदा आपोआप कानाकडे गेला. यांनी विचारलं, “काय झालं?” मी हात सोडला आणि खाली बसले. मला लाज वाटली, चांगुणाबाई. फार लाज वाटली.

तरी खोटं सांगत नाही, त्या दिवशीही मी होकार दिला नव्हता. मुलासाठी भीती वाटत होती. उद्या सुवर्णाला काही झालं तर, हेच मनात येत राही. मालनने डॉक्टरीणबाईंचं म्हणणं कळवलं, तेही मी परत परत वाचलं. शेवटी तुमचं पत्र यांना वाचून दाखवलं. मुंडावळ्यांचं वाचलं तेव्हा हे उठले, मागावर जाऊन बसले आणि माग सुरू झाला. मी स्वयंपाकघरात उभी राहून तो आवाज ऐकला. थांबवायला गेले नाही. हाच आमचा होकार. तो कागदावर लिहायला मला इतके दिवस लागले, त्याबद्दल रागवा.

सुवर्णाची पैठणी काल मागावरून उतरली.

तुमच्या मानाची साडीही यांनीच विणली. तिचं आधीच सांगून ठेवते, नाहीतर आमच्या जावा तुमच्या कानात काही ओततील. तिच्या पदराला जर कमी घातली आहे. कंजूषपणा नाही. भरजरी पदर जड होतो आणि डाव्या खांद्याला खाली ओढतो, म्हणून हलका ठेवला. लांबीही वाढवली आहे, दोन्ही खांद्यांवरून घेतला तरी ओढाताण होणार नाही. झाकायलाच पाहिजे असं मात्र माझं म्हणणं नाही.

मुंडावळ्या तुम्हीच बांधायच्या. दोन बोटं कमी आहेत असं मालन लिहिते. भिंतीपाशी पुन्हा उभ्या राहा. तरीही राहिली कमी, तर सुवर्णाला पाटावर बसवा, त्यात कसला कमीपणा?

गळाभेट मी सोडणार नाही. माझी साखरपुड्यापासूनची राहिली आहे. तुम्ही उजव्या अंगाने या, मी हळू येईन. हवेत हात धरून उभं राहायची हौस माझी फिटली.

मालनला यातलं काही सांगू नका, म्हणणार होते. पण तिच्या पोटात किती राहतं ते आता मला कळलंय, तेव्हा सांगितलंत तरी चालेल.

आता शेवटचं. काल कासारीण आली होती. भारतच्या लग्नाचा हिरवा चुडा भरायला गल्लीतल्या सगळ्या बायका जमल्या. मानाने पहिली मी बसले. उजवा हात पुढे केला, तिने भरला. डावा मागितला, मी दिला नाही. तिला वाटलं मला ऐकू आलं नाही, म्हणून पुन्हा मागितला. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. माझी चुलतसासू तर पाट सोडून उभीच राहिली. “अगं, नवरा हयात असताना एक हात मोकळा? पोराच्या लग्नात?” म्हणाली.

मी म्हटलं, आमच्या या सोयरिकीत दोन्ही विहिणी एकाच हातात भरतात. रीत आहे.

कुठली रीत, कोणाची रीत, असं सगळ्यांनी विचारलं. विचारू दे. त्यांना आता शंका घेत बसायला वर्षभर पुरेल, मला तो अनुभव आहे. रविवारी लग्नात तुमच्याकडच्या बायका तुमच्या डाव्या हाताकडे बघतील तेव्हा त्यांना शेजारी माझाही दिसेल.

आम्ही सकाळी लवकर पोचतो. हार शेवंतीचे करा, झेंडूने भारतला शिंका येतात.

तुमची विहीण,
यशोदा